घर, गाडी आणि गावपळण

सत्यवतीची आपल्या मुलाविषयी एकच तक्रार होती आणि ओटीवर टेकणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकावी लागे. हर्षद खोटं बोलत नसे. पण नारळ फोडून पाणी आपण प्यावं आणि करवंटी दुसऱ्याच्या हातात द्यावी, तसं तो खरं सांगे. दहावी पास झालो म्हणून त्यानं गावभर पेढे वाटले. गणिताला दुसऱ्यांदा बसला होता हे तिला मास्तरांनी वाटेत थांबवून सांगितलं. लग्न ठरलं हे त्यानं सांगितलं. लग्नानंतर कुडाळच्या फ्लॅटात राहणार हे मुलीच्या मामानं, तेही साखरपुड्याच्या पंगतीत, वाढपी भात वाढत असताना.

"बोलताना माझ्या तोंडाकडे बघ," ती त्याला म्हणायची. "माका चारच यत्ता झालेत, तरी तुझा तोंड माका वाचता येता."

हर्षद हसायचा आणि चहाच्या कपात बघायचा.

तो विमा कंपनीत लागला आणि एक दिवस साबणाच्या वडीएवढ्या दोन पांढऱ्या डब्या घेऊन कोळंबखोलला आला. एक त्यानं माजघराच्या भिंतीला चिकटवली, दुसरी अंगणातल्या गाडीत.

"घराचो इमो वेगळो आणि गाडीचो वेगळो कित्याक व्हयो? दोनय एकत्र बांधले काय हप्तो कमी. काय मोडला-पडला तर एकच फोन, एकच माणूस. कंपनी त्येका एकजूट कवच म्हणता."

"बरा. आता वायट काय तां सांग."

"वायट?"

"मेल्या, पेडवे घेतानाय मी कल्ले उघडून बघतंय. चांगला सांगलंस. वायट काय?"

"वायट काय नाय गे आये," हर्षद म्हणाला, आणि कपात बघू लागला.

डबीचं काम समजायला अवघड नव्हतं. भिंतीवरची डबी आपल्या बॅटरीवर घर ऐकायची. जमिनीला बसणारे पावलांचे हादरे, भिंतीतली ओल, वाशातल्या वाळवीची कुरकुर, धूर. आतली हवा किती जडावली यावरून घरात किती माणसं श्वास घेताहेत तेही तिला कळे. गाडीतली डबी ब्रेक, वळणं आणि चालवणाऱ्याच्या पापण्या बघायची. पूर्वी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध कुणी लावला नव्हता. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की गळकं छप्पर तसंच ठेवणारा माणूस गुळगुळीत टायरही तसेच ठेवतो. ज्याला घरात झोप नाही तो रस्त्यावर डुलकी घेतो. लाखो कुटुंबांची घरं आणि गाड्या यंत्राला शिकवल्या, आणि यंत्र प्रत्येक कुटुंबाला एकच आकडा देऊ लागलं. त्याला जोखीम-अंक म्हणत. अंक खाली असला की हप्ता खाली.

आणि त्या काळात विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही हा कायदा पोलिसाच्या शिट्टीवर उरला नव्हता. गाडी सुरू करताना ती स्वतःच कंपनीला विचारी. उत्तर आलं नाही तर ती हलत नसे.

सत्यवतीला गाडी चालवता येत नव्हती, पण ती तिच्या जिवाची होती. नवरा भिकाजी, त्याची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला त्याला कुडाळच्या दवाखान्यात न्यावं लागे. एसटी हमरस्त्यापर्यंतच यायची आणि तिथपर्यंत चालत जाणं भिकाजीच्या पायांत राहिलं नव्हतं. शेजारचा विजू गाडी चालवायचा. बदल्यात तिच्या काजूच्या बागेतली अर्धी बी त्याची.

पहिल्या वर्षी डबीनं आपला गुण दाखवला. वैशाखाच्या वादळात आंब्याची मोठी फांदी एकदमच घराच्या कौलांवर आणि गाडीच्या टपावर आली. जुन्या पद्धतीत घराची कंपनी म्हणाली असती गाडीमुळे, गाडीची म्हणाली असती घरामुळे, आणि पावसाळा निघून गेला असता. इथं फोन करायच्या आधीच फोन आला. "सत्यवतीताई, आपण सुखरूप आहात ना?" दुसऱ्या दिवशी कौलं, त्याच आठवड्यात टप. सत्यवतीनं हे दळणाच्या गिरणीत, देवळाच्या पायरीवर, मासळी घेताना, सगळीकडे सांगितलं. काजूच्या भट्टीपाशी आयुष्य काढून, डोळे चुरचुरत, एकेक चिरा जमवून तिनं ते घर उभं केलं होतं. ते आता कुणीतरी जपतंय याचा तिला अभिमान वाटला. तिच्या शब्दावर गावातल्या बहुतेक घरांनी डब्या लावल्या. अर्ज अर्थातच हर्षदनं भरले.

कार्तिक सरला आणि रवळनाथाचा कौल झाला: यंदा गावपळण.

कोळंबखोलची ही रीत फार जुनी. दर काही वर्षांनी देव गावाला बाहेर काढतो. तीन दिवस गावात माणूस राहायचा नाही. गुरं, कुत्री, कोंबड्यांच्या डालग्या, आजारी, बाळंतीण, सगळ्यांनी वहाळापलीकडे शिवेबाहेर जायचं, माडाच्या झावळांच्या खोपी घालून राहायचं. गावात दिवा नाही, चूल नाही, हाक नाही. तीन दिवसांनी देव पुन्हा कौल देतो, की माणसं वाजतगाजत घरी येतात. कुणी म्हणतात साथीच्या रोगांमुळे पडलेली चाल. सत्यवती म्हणे, देवालाही कधी गाव एकट्याला हवा असतो.

कौलाची बातमी कुडाळला पोचली तसा हर्षदचा फोन आला.

"आये, यंदा तू जाव नको. बाबांका खोपीत थंडी बाधतली."

"मागच्या पळणीक ते खोपीत माझ्यापेक्षा बरे झोपले."

"तरी पण. घरात कोण तरी रवलेला बरा."

"कित्याक?"

"नाय, असाच," तो म्हणाला.

"असाच म्हणान देवाचो शब्द मोडू? तू शहरात जावन बाटलंस. आमका बाटवू नको." तिनं फोन ठेवला. पुढे मग तिला चेवच चढला. या वेळची पळण जशी व्हायला हवी तशी होणार, म्हणून ती घरोघर फिरली. मागच्या वेळी दोन घरांत फ्रीज चालू राहिले होते, अंगणातला दिवा जळत होता. या वेळी तिनं प्रत्येकाला मेन स्विच पाडायला लावला. सिंधू गवंडीण कुरकुरली, "फ्रीजात सुरमय आसा गे काकी." सत्यवतीनं सुरमई स्वतः बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली. "घे, खोपीत भाज. देवाक अंधार व्हयो, तुझी सुरमय नको."

गाव निघाला. गाड्या सुद्धा सगळ्या काढल्या, कारण गाव रिकामा म्हणजे रिकामा. वहाळापलीकडच्या माळावर त्या ओळीनं उभ्या राहिल्या. तीन दिवस मोठे मजेचे गेले. पोरं वहाळात डुंबली, भजनं झाली, एका खोपीतलं भांडण चौथ्या खोपीत मिटलं. मधल्या दिवशी विजूनं भिकाजीला माळावरूनच कुडाळला नेऊन आणलं. देवानं परतीचा कौल दिला, ढोल वाजले आणि माणसं घरी आली. सत्यवतीनं मेन स्विच वर केला. माजघरातल्या डबीवर एरवी हिरवा ठिपका असे. तो शेंदरी झाला होता.

"देवाचोच रंग लागलो," भिकाजी म्हणाला.

पुढच्या दवाखान्याच्या सकाळी विजूनं गाडीचं बटण दाबलं. गाडी गोड आवाजात म्हणाली, "आपल्या कुटुंबाचा जोखीम-अंक मर्यादेबाहेर गेल्यामुळे आपले एकजूट कवच स्थगित आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

विजूनं पुन्हा दाबलं. गाडीनं पुन्हा क्षमा मागितली.

"हिची क्षमा चुलीत घाल," सत्यवती म्हणाली. "दुसऱ्याची गाडी हाड."

विजू वाडीत धावला आणि तसाच परत आला. गावातली एकही गाडी सुरू होत नव्हती. नेरूरच्या एका रिक्षावाल्याला फोन करून बोलावलं, तो दुपार कलल्यावर आला. तोवर भिकाजीच्या तोंडाला सूज आली होती आणि धाप लागली होती. दवाखान्यात त्याला तडक आत घेतलं. तो वाचला. रिक्षावाल्यानं मात्र संध्याकाळी फोन केला: "काकी, मी परत येवचंय नाय. तुमच्या गावाची शीव ओलांडली आणि माझोय अंक चढलो."

हर्षद दुसऱ्या दिवशी आला. या वेळी चहा मागितला नाही.

"आता सांग," सत्यवती म्हणाली. "सगळा."

त्यानं सांगितलं. यंत्राला जी लाखो घरं शिकवली, त्यांत माणसं सामान-गुरं घेऊन, मेन स्विच पाडून, गाड्यांसकट एकदम गाव सोडून गेल्याची उदाहरणंही होती. कुठे पूर येणार होता, कुठे डोंगर खचणार होता, कुठे धरणाचं पाणी चढणार होतं. माणसांना पुढचं संकट कळतं आणि ती आधी निघतात, हे यंत्र शिकलं. अशी सोडलेली घरं पुढे बहुतेक वेळा पडली, बुडाली किंवा ओसाड झाली. म्हणून कोळंबखोलच्या डब्यांत एकाच वेळी ना श्वास, ना पाऊल, ना वीज, आणि गाड्या सगळ्या शिवेबाहेर एका माळावर, हे सलग तीन दिवस दिसल्यावर यंत्रानं गावाचा निकाल लावला: या घरांवर काहीतरी येणार आहे आणि तिथल्या माणसांना ते ठाऊक आहे. घरांचे अंक चढले. गाड्या त्यांनाच बांधलेल्या, त्यांचेही चढले.

"आमी परत इलंव. तां दिसाक नाय त्येका?"

"दिसला. पण माणसां सामान न्यावक परत येतत, असाय तेणा बघितलेला आसा."

"आणि दोनय इमे वेगळे असते तर?"

"घराचो गेलो असतो. गाडी चालली असती."

"तुका ह्या आधी ठावक होता?"

"घर रिकामा ठेवचा नाय, अशी अट होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माका वाटला, फार तर घरांचो हप्तो चढात. मी साहेबांका सांगान निस्तरतलंय. तुका सांगलंय असतंय तर तू गावाक सांगलं असतंस. सगळ्यांनी डबये काढून माझ्या अंगार टाकले असते."

भिकाजी पलंगावरून म्हणाला, "पोराक पाणी दे गो."

सत्यवतीनं पाणी दिलं नाही. ती लुगडं बदलून बाहेर आली. "चल. तुझ्या साहेबाक माझा तोंड दाखव."

कुडाळच्या कचेरीत साहेब नव्हते, प्राची वर्दे नावाच्या मॅडम होत्या. लहान वयाच्या, शांत. त्यांनी सत्यवतीला खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांचा राग करायला जागाच सापडेना, याचाच सत्यवतीला राग आला.

"आजी, मला तुमचं पटतंय. पण अंक मी देत नाही, मी तो बदलूही शकत नाही. दुसऱ्या कंपन्याही हाच अंक बघतात."

"मग यंत्राक सांगा, आमका देवान भायर काढलेल्यान."

"गाव सोडण्याची कारणं यंत्राकडे नोंदलेली आहेत. पूर, दरड, आग, साथ, दंगल, प्रकल्प. देव हे कारण त्यात नाही."

"घाला मग."

"ते शिकवायचं तर तशी खूप गावं लागतील. जी देवाच्या सांगण्यावरून गेली, परत आली आणि पुढं वर्षानुवर्षं नीट राहिली. तुमच्यासारखी गावं मोजकी आहेत, आणि त्यांतल्या घरांना आता कवच नाही. कवच नाही तिथली माहिती आमच्याकडे येत नाही."

म्हणजे आपण नीट राहिलो तरी ते बघणारं कुणी नाही, एवढं सत्यवतीला समजलं.

"एक मार्ग आहे," मॅडम म्हणाल्या. "एकजूट सोडता येते. घर कायमचं सोडलं असं तुम्ही लिहून दिलंत तर घराचा अंक तुमच्यावरून निघेल. गाडी तुमच्या मुलाच्या फ्लॅटला बांधता येईल. उद्या सकाळी सुरू होईल."

"आणि घर?"

"घर रिकामं राहायला हवं. डबी तिथंच राहील. आत कुणी राहतंय असं तिला कळलं, तर फ्लॅट आणि गाडी दोन्ही पुन्हा अडकतील."

हर्षद कंपनीच्या गाडीनं तिला हमरस्त्यापर्यंत आणू शकत होता, पुढे ती चालली. घरी भिकाजी उठून बसला होता.

"नको दिव लिवान," सगळं ऐकल्यावर तो म्हणाला. "माझे किती दिवस रवले? ह्या घर तू धुरात बसान बांधलंस."

"तुमच्याक कोणी इचारलेला नाय."

"माका हंयच मराचा आसा."

"मराचा असता तेवा माका सांगा, मी बघतंय," सत्यवती म्हणाली. "उद्या सकाळी रक्त धुवक जावचा आसा. आता झोपा." मग ती मागील दारी गेली आणि भट्टीच्या दगडावर बसून राहिली. रडणं तिच्या अंगात नव्हतं. भट्टीतली राख तिनं उगाचच उकरून पुन्हा सारखी केली.

सकाळी हर्षद पुन्हा आला आणि त्याच्या फोनवर तिनं अंगठा टेकवला. सही येत होती तिला, चांगली वळणदार. पण फोनला अंगठाच हवा होता. अंगणातली गाडी आपणहून जागी झाली आणि तिनं सुप्रभात म्हटलं. विजूनं भिकाजीला उचलून आत बसवलं.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. सून वाईट नव्हती, नातीनं आपली खोली दिली. पण हर्षदचं कर्जावरचं घर आता आईच्या पावलांवर टेकलं होतं; कवच गेलं तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागणार होती. ती जरा दिसेनाशी झाली की तो फोन करी. "आये, खंय आसस? थंय गेलंस नाय मां?" गाडी कोळंबखोलच्या फाट्याला वळली तरी त्याच्या फोनवर सूचना येई. सत्यवती त्याला चिडवायचं म्हणून मुद्दाम बाजारात फोन घरी विसरून जाई, आणि तो कचेरी सोडून तिला भाजीवालींच्या रांगेत शोधत फिरे. एकदा असा सापडल्यावर तो सगळ्यांसमोर ओरडला, "आमच्या डोक्यावरचा छप्पर जातला, समाजता तुका?" तिनं वांगी निवडता निवडता मान वर केली. "माझा गेला, तेवा तू खंय रे वराडलंस?"

कोळंबखोल हळूहळू सुटत गेलं. दूधवाल्याचा टेम्पो बंद झाला. बँकेनं घरांवर कर्ज द्यायचं थांबवलं, कारण ज्या घराला कवच नाही ते तारणाला चालत नाही. सिंधूचा मुलगा रत्नागिरीला गेला, पाठोपाठ सिंधू. विजूला गाडी चालवायला गावात गाडी उरली नाही, तो गोव्याला कामाला लागला. जाताना सिंधू कुडाळला भेटायला आली आणि निघताना दारात म्हणाली, "काकी, मेन स्विच तूच पाडूक लावलंस." सत्यवतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काही करता आलं नाही. पुढची गावपळण लावायला कौल घेणारा घाडीही देवळाला कुलूप घालून लेकीकडे गेला.

वर्ष सरल्यावर हर्षदनं स्वतःहून विचारलं, "बाबांका घर बघूचा आसा म्हणतत. नेवया? अंगणापर्यंत. भितर जावचा नाय."

तिघं गेली. दवाखान्यातून तसेच, उन्हं कलताना. वाडीत माणूस नव्हता. भिकाजीला गाडीतून उतरवेना, त्यानं काच खाली केली आणि तिथूनच बघत राहिला. पाऊस लागून पश्चिमेची भिंत फुगली होती. कौलं निसटून पडवीत फुटली होती, आणि ओल माजघरापर्यंत गेली असणार हे सत्यवतीला बाहेरूनच कळलं. वेळीच चार कौलं फिरवली असती तर हे झालं नसतं. चार कौलं फिरवायला आत माणूस लागतो.

ती पायरीशी जाऊन उभी राहिली. दाराच्या फटीतून माजघरातला शेंदरी ठिपका दिसत होता.

"आये, पुढे नको," मागून हर्षद म्हणाला.

ती थांबली.

"आज कचेरीत अहवाल इलो," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, पण काहीतरी सुटल्यासारखं होतं, आपल्यावरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं. "कोळंबखोलची चारांतल्या तीन हिश्श्यांपेक्षा जास्त घरां ओसाड, तसा लोकांनीच लिवान दिलेला आसा. यंत्रान सांगितलेला तसाच झाला. म्हंजे तेचा चुकूक नाय, आये. तां बरोबर निघाला."

गाडीतून भिकाजी खोकला. "गो, आत दिवो लावलेलो आसा काय?" त्यानं विचारलं. त्याला तो ठिपका दिसला असावा.

सत्यवती वळली. या वेळी हर्षद तिच्या तोंडाकडे बघत होता.

"यंत्र बरोबर निघाक नाय, हर्षद," ती म्हणाली. "तुमी सगळ्यांनी मिळान त्येका बरोबर करून दिलास. गाव पडतला म्हणालां, म्हणान गाडये थांबवलास. गाडये थांबवलास, म्हणान गाव पडलो. मॅडमीक मी माफ केलंय, तिका आमचो देव ठावक नाय. तू ह्या मातयेत वाढलंस. तुका ठावक होता आमी परत येतंव, दर खेपेक परत येतंव. आणि तरी तू गप रवलंस. बापसाक तुझ्या गाडयेन जगव, मी तुझ्या घरात रवान भाकरी भाजीन. पण ह्या घर पावसान पडूक नाय, तू पाडलंस. आणि ह्या मी मरासर म्हणतलंय."